वखारीवरची उडी

स्टुडिओत तिला सगळे मजकूरबाई म्हणत. मूकपटातली माणसं पडद्यावर नुसते ओठ हलवतात. ती काय बोलतायत ते सांगणाऱ्या पाट्या ती लिहायची. शिवाय चित्र लागायच्या आधी शहरभर वाटायची पत्रकं, भिंतीवरच्या पोस्टरांच्या ओळी, मध्यंतरात पडद्यावर दाखवायच्या काचेच्या स्लाइड, हे सगळं तिच्याच गळ्यात. सात वर्षं ती हे काम करत होती. मुक्या चित्रांबद्दल एवढी बडबड करणारी बाई दुसरी नसेल, असं लोक गमतीनं म्हणायचे आणि तीही हसायची.

त्या सोमवारी मात्र तिला हसू आलं नाही.

हंगामाची तीन नवी नाट्यमय चित्रं यायची होती: 'दीपगृहातली सून', 'बहिरा न्यायाधीश' आणि 'वखारीची राणी'. पहिल्या दोन चित्रांचा मजकूर जाहिरात मॅनेजरनं न वाचताच पसंत केला. हा मॅनेजर म्हणजे आडदांड गडी. शेजारच्या माणसाशीही रस्त्यापलीकडे बोलावं तसा बोलायचा, म्हणून त्याला मागून सगळे भोंगा म्हणत. तिसरा कागद त्यानं उचलला, लाल पेन्सिलीनं मधल्या दोन ओळी खोडल्या आणि वर स्वतःच्या हातानं लिहिलं: 'जळत्या वखारीवरून नायिकेची खरीखुरी उडी! राणीबाईंनी जिवाची बाजी लावली! भाजले हात, पण सोडला नाही दोर!'

मजकूरबाईनं ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"साहेब, उडी माझ्या बहिणीनं घेतली."

"मला माहीत आहे."

"हात तिचे भाजलेत."

"तेही माहीत आहे. पण प्रेक्षकांना माहीत आहे का? लोक राणीबाईंना बघायला येतात. तुमच्या बहिणीचं तर चित्रात तोंडही दिसत नाही, पाठ दिसते. पाठीची जाहिरात कशी करणार?" आणि आपल्याच बोलण्यावर तो खो खो हसला.

तिची धाकटी बहीण त्याच स्टुडिओत होती. लहानपणी भिंतीवरून, झाडावरून, जिथून म्हणून उडी मारता येईल तिथून मारायची, म्हणून घरात तिचं नाव टोळ पडलं आणि ते स्टुडिओपर्यंत आलं. नायिकांना जे जमत नाही, किंवा जमलं तरी परवडत नाही, ते करायचं हे टोळचं काम. घोड्यावरून पडायचं, पाण्यात बुडायचं, जिन्यावरून गडगडत यायचं. अकरा दिवसांपूर्वी पटांगणात उभारलेल्या लाकडी वखारीला आग लावली होती. टोळनं माडीवरून दोराला लोंबकळत झोका घ्यायचा आणि समोरच्या पेंढ्याच्या गाडीत उतरायचं, असं ठरलं होतं. वारा फिरला. दोरानं पेट घेतला. मधेच सोडला असता तर ती खालच्या फरशीवर आपटली असती. तिनं दोर सोडला नाही. गाडीत पडली तेव्हा कॅमेरा चालूच होता, आणि दिग्दर्शक "वा! वा!" ओरडत होता.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओनं घरी फळांची टोपली पाठवली. सोबत एक कार्ड होतं, 'लवकर बऱ्या व्हा'. आईनं ते उलटून पाहिलं तर मागे छापलेलं, 'लवकरच येत आहे: वखारीची राणी'. आईनं फळं शेजारी वाटून टाकली.

"मी हे लिहिणार नाही," मजकूरबाई म्हणाली.

"तुम्ही कुठे लिहिताय? मी लिहिलंय. तुम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा आणि छापखान्यात द्या. तुम्हाला नसेल जमत तर बाहेर शंभर जण उभे आहेत."

टोळ घरी पडलेली, घर हिच्या एकटीच्या कामावर चाललेलं. दात ओठ खाऊन तिनं कागद उचलला. 'बाजी'तला 'जी' त्यानं ऱ्हस्व लिहिला होता. तो तिनं दीर्घ केला. एवढ्याशा गोष्टीचाही तिला नंतर किती तरी दिवस राग येत राहिला.

घरी तिनं काही सांगितलं नाही. रोज सकाळी कामावर जायच्या आधी ती टोळचं ड्रेसिंग बदलायची. कोमट पाण्यानं जुनी पट्टी भिजवायची, ती सुटेपर्यंत थांबायचं, मग मलम, मग बोटाबोटांमध्ये कापूस, कारण बोटं एकमेकांना चिकटू द्यायची नाहीत असं डॉक्टर बजावून गेले होते. टोळ ओरडायची नाही, नुसती पाय आपटायची.

"बोटं पुरती उघडतील का हो, म्हणून मी डॉक्टरना विचारलं," टोळ म्हणाली. "तर म्हणतात, सांगता येत नाही. उजवा बरा होईल म्हणतात. ताई, उडी कशी दिसतेय गं? तू पाहिलीस?"

"अजून नाही."

"मला दाखव आधी. बाकी कुणी काही का म्हणेना, झोका चांगला होता."

बुधवारी दुपारी शहरातल्या मोठ्या चित्रगृहात जाहिरातीचा कार्यक्रम होता. दुपारच्या खेळाला येणाऱ्या प्रेक्षकांना दारातल्या दालनात राणीबाई भेटणार, तिन्ही चित्रांची पत्रकं स्वतःच्या हातानं देणार. मजकूरबाई गठ्ठे घेऊन लवकर पोचली. तिकीट खिडकीच्या मागे एक चिंचोळी खोली होती, तिथे राणीबाई आरशासमोर बसली होती आणि भोंगा तिच्याभोवती येरझाऱ्या घालत होता. मजकूरबाईला बघताच त्यानं खिशातून पांढऱ्या पट्टीचा रोल काढला.

"बरं झालं आलात. हिच्या हाताला बांधा."

"काय झालं हाताला?"

"काय व्हायचंय? काही नाही झालं. पण पत्रकात लिहिलंय ना हात भाजले म्हणून! लोक हाताकडेच बघणार. तुम्हाला सवय आहे, रोज घरी बांधता. अगदी तश्शीच बांधा, खरी वाटली पाहिजे."

राणीबाईनं हात पुढे केला. गोरापान, नखं रंगवलेली, बारीकसा ओरखडाही नाही. "फार घट्ट नको हं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. तिला कुणी काही सांगितलंच नसावं, किंवा सांगितलं तरी लक्षात ठेवायची गरज वाटली नसावी.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मजकूरबाईला त्या खोलीत कळलं. पण माणसाचे हात मोठे बेइमान असतात. डोकं पेटलेलं होतं आणि हात आपलं रोजचं काम करत होते: मनगटापासून सुरुवात, दोन वेढे, अंगठा मोकळा, बोटाबोटांमध्ये कापूस. बांधून झालं तेव्हा भोंगा म्हणाला, "वा, झकास!" अगदी दिग्दर्शक ओरडला होता तसंच.

दालनात गर्दी लोटली. बायकांनी राणीबाईची पट्टी पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. एका म्हातारीनं तो बांधलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "दुखतं का गं बाळ?" तिनं विचारलं. राणीबाईनं डोळे मिटून ओठ चावला. अभिनय उत्तम करायची ती, त्यात वाद नव्हता.

मजकूरबाईनं पत्रकांचा गठ्ठा तिथल्या बाकावर ठेवला आणि ती तडक छापखान्याकडे निघाली. वाटेत ती एकटीच मोठ्यानं बोलत होती. समोरून येणारी माणसं बाजूला होत होती.

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे काका गुरुवारच्या मोठ्या वाटपाचं पत्रक यंत्रावर चढवत होते. वीस हजार प्रती, सकाळी ढोलवाल्या गाडीवरून शहरभर. काका तिला तिच्या पहिल्या दिवसापासून ओळखत होते.

"थांबवा," ती म्हणाली. "मजकूर बदललाय."

"मॅनेजरची सही?"

"माझी आहे. आजवर माझ्याच सहीनं छापलंत ना? लिहून घ्या." आणि उभ्याउभ्याच तिनं सांगायला सुरुवात केली. "प्रेक्षकहो, फसू नका. 'वखारीची राणी' या चित्रात जळत्या वखारीवरून उडी घेतली ती राणीबाईंनी नव्हे, माझ्या धाकट्या बहिणीनं. राणीबाई तेव्हा सावलीत खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांच्या हातावरची पट्टी मीच बांधली आहे, आत जखम नाही. ज्या हातांनी पेटता दोर धरला ते हात आज लाकूडबाजारामागच्या गल्लीत, कोपऱ्यावरच्या घरात, उशीवर पडून आहेत." ती थांबली. शेवट हवा तसा बसत नव्हता. सात वर्षांची सवय होती. शेवटच्या ओळीनं काळजाला हात घातला पाहिजे. "ते हात आता पुन्हा कधीही दोर धरणार नाहीत."

काकांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "पोरी, घरी विचारलंस का?"

"काय विचारायचं? खरं तेच आहे."

"खरं असेल. पण ज्याचं जळतं त्याला विचारावं."

"काका, तुम्ही खिळे जुळवा."

काकांनी जुळवले.

गुरुवारी दुपारी ती घरी परतली तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच तिला पुढे सरकता येईना. चाळीस-पन्नास माणसं होती. कुणी टाचा उंच करून खिडकीतून डोकावत होतं, कुणी आपल्या पोराला खांद्यावर घेऊन दाखवत होतं. एक बाई उंबऱ्यात उभ्या आईला सांगत होती, "अहो, एकदा पट्टी सोडून दाखवा की! आम्ही लांबून आलोय." आई दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून उभी होती.

"चालते व्हा!" मजकूरबाई किंचाळली. "लाज नाही वाटत? तमाशा आहे का हा?"

"तुम्हीच पत्ता छापलाय, बाई," एक माणूस म्हणाला. त्याच्या हातात पत्रक होतं.

लोकांना हुसकायला अर्धा तास लागला. आत टोळ पलंगावर भिंतीला टेकून ताठ बसली होती. चेहरा पांढराफटक.

"बस," ती म्हणाली. "नाही, बसू नकोस. उभीच राहा."

"टोळ, मी त्या भोंग्याला..."

"मला कागद धरता येत नाही. ठाऊक आहे ना तुला? सकाळी खिडकीतून एका परक्या माणसानं मला ते वाचून दाखवलं. चांगला खणखणीत आवाज होता त्याचा. ते हात आता पुन्हा कधीही दोर धरणार नाहीत. कुणी सांगितलं तुला हे? डॉक्टर मला खोटं सांगत होते आणि तुला खरं?"

"नाही गं. डॉक्टर असं काही म्हणाले नाहीत."

"मग?"

"ओळ... बसत नव्हती," मजकूरबाई म्हणाली.

"ओळ बसत नव्हती!" टोळ उठून उभी राहिली. दोन्ही बांधलेले हात तिनं छातीशी वर धरले होते. "सकाळपासून मी इथे बसून विचार करतेय, की बोटं गेली माझी. सगळ्या शहराला ठाऊक आहे आणि मलाच कुणी सांगितलं नाही. आणि तुझी ओळ बसत नव्हती! भोंग्यानं माझी उडी पळवली म्हणून तू चिडलीस ना? आणि तू काय केलंस? माझे हात चव्हाट्यावर मांडलेस. त्याला निदान मी परकी आहे!"

"मी तुझ्यासाठीच केलं."

"माझ्यासाठी? मग मला विचारलं का नाहीस? मुकी आहे का मी? मला तोंड आहे, ताई! हात भाजलेत, जीभ नाही भाजली!"

आई मधे पडायला आली, तर टोळ तिच्यावरही ओरडली. त्या दिवशी आईनंच टोळला भरवलं. मजकूरबाईनं घास पुढे केला तेव्हा तिनं तोंड फिरवलं.

शुक्रवारी सकाळी स्टुडिओतून बोलावणं आलं. आता हकालपट्टी, हे मजकूरबाईनं धरूनच ठेवलं होतं. निघताना टोळ दारात तयार होऊन उभी. खांद्यावर शाल टाकायला तिनं आईची मदत घेतली होती.

"तू कुठे?"

"तुझ्याबरोबर नाही. माझी मी जातेय. रस्ता एकच आहे, त्याला काय करू?"

दोघी रस्त्याच्या दोन कडांनी चालत गेल्या.

भोंगा खिडकीपाशी उभा होता, आणि चक्क हसत होता. "या, या! मजकूरबाई, तुम्ही मला खड्ड्यात घालायला निघाला होतात. काल दुपारी चित्रगृहाच्या दारात लोकांनी राणीबाईंच्या नावानं शिव्या घातल्या, एक काच फोडली. बिचारी मागच्या दारानं पळाली. मी म्हटलं, बुडालो. पण उद्याचे तिन्ही खेळ भरले! लोक भांडायला येतायत, पण तिकीट काढून भांडतायत! ह्या बाईनं उडी मारली की त्या बाईनं, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय सगळ्यांना." मग त्याचं लक्ष टोळकडे गेलं. "अरे वा, ह्याही आल्या! आता असं करू. उद्या दारात राणीबाई एका बाजूला, ह्या दुसऱ्या बाजूला. दोन्ही पट्ट्या! मधे पाटी: ओळखा पाहू खरी कोण?"

मजकूरबाईनं टेबलावरची जड शाईची दौत कधी उचलली ते तिला कळलंच नाही. टोळनं कोपरानं तिचा हात खाली दाबला.

"खाली ठेव," ती म्हणाली. "तू बोलू नकोस. कालपर्यंत खूप बोललीस." मग भोंग्याकडे वळली. "साहेब, मी दारात उभी राहणार नाही. राणीबाईही पट्टी बांधून उभी राहणार नाही. चित्र सुरू व्हायच्या आधी पडद्यावर एक स्लाइड दाखवायची. तिच्यावर माझं पूर्ण नाव."

"आणि नाही दाखवली तर?"

"तर मी उद्या रांगेत शेवटपर्यंत चालत जाईन आणि एकेकाला सांगेन, दोराला आग लागली तेव्हा मी ओरडत होते आणि तुम्ही कॅमेरा थांबवला नाहीत. ते अजून कुठल्याच पत्रकात आलेलं नाही."

भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "स्लाइड दाखवू," तो म्हणाला. "पण ह्यांच्यावर माझा भरवसा राहिला नाही. तुमच्या बहीणबाई आजपासून घरी."

मजकूरबाईनं टोळकडे पाहिलं.

"ते तुमचं तुम्ही दोघं बघा," टोळ म्हणाली आणि दार पायानं ढकलून बाहेर पडली.

स्लाइड मात्र मजकूरबाईनंच लिहिली. तेवढं शेवटचं काम तिला करू दिलं. टोळनं मजकूर सांगितला आणि तिनं काचेवर रेखला. 'वखारीवरून उडी घेणारी', त्याखाली टोळचं खरं नाव, आणि त्याखाली, 'हात बरे होत आहेत.' मजकूरबाईला 'शूर' हा शब्द घालायचा होता. टोळनं नुसतं पाहिलं. शब्द आत आला नाही.

शनिवारी दुपारच्या खेळाला आई मधे आणि दोघी दोन बाजूंना बसल्या. स्लाइड आली तशी मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळं चित्रगृह वाजवू लागलं. पेटीवाल्यानं पेटी थांबवली. पुढे उडी आली. दोराच्या वरच्या टोकाला आग, खाली एक छोटीशी पाठ, आणि मग झोका. शेजारच्या रांगेतली एक बाई "अगं सोड, सोड!" म्हणून ओरडली. मजकूरबाईनं डोळे मिटून घेतले. टोळनं मिटले नाहीत. उडी संपल्यावर ती आईच्या डोक्यावरून हळूच म्हणाली, "डावा पाय उशिरा सुटला माझा." त्या दिवशी ती ताईशी बोललेलं तेवढंच.

उजवा हात दीड महिन्यात बरा झाला. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मात्र वाकलेली राहिली ती राहिलीच. टोळ स्टुडिओत परत गेली. मजकूरबाईला ते मुळीच मान्य नव्हतं. त्यावरून घरात आठ दिवस भांडी आपटली. पण टोळ म्हणाली की ती भोंग्यासाठी उड्या मारत नाही, स्वतःसाठी मारते. मजकूरबाईला काकांनी छापखान्यात घेतलं. दुसऱ्याचा मजकूर जुळवायचा, स्वतःचा एक शब्द घालायचा नाही, एवढीच अट त्यांनी घातली.

पुढच्या हंगामात स्टुडिओच्या नव्या चित्राचं पत्रक छपाईला आलं. आता टोळचं नाव वरच्या ओळीत, ठळक टायपात होतं. खाली लिहिलेलं: 'पुलावरून चाळीस फूट खाली पाण्यात झेप!' मजकूरबाईचे हात थांबले. पूल तिला ठाऊक होता. भर उन्हाळ्यात पाणी आटलं तरी त्याची उंची पंचवीस फुटांच्या वर जात नाही. पुन्हा खोटं! पुन्हा हिच्या जिवावर! कागद घेऊन ती उन्हातून तरातरा घरी गेली. टोळ अंगणात पायांना तेल लावत बसली होती.

"हे बघ त्या भोंग्यानं काय लिहिलंय! चाळीस फूट! मी हे छापू देणार नाही. तुला विचारायला आले."

टोळनं तेलकट हातांनी कागद धरला, वाचला, परत दिला.

"छाप. मीच सांगितलंय त्याला चाळीस."

"पंचवीस आहे तो!"

"वरून बघितलास कधी? वरून चाळीसच वाटतो. आणि माझी उडी आहे, ताई. मी कितीही फूट सांगेन."

"खोटारडी आहेस तू!"

"असेन. जा, काका वाट बघत असतील."

मजकूरबाई पाय आपटत परत छापखान्यात आली. खिळ्यांचा खण तिनं इतक्या जोरात ओढला की अर्धे खिळे जमिनीवर सांडले. ती खाली बसून ते वेचत होती आणि तोंडानं बहिणीला लाखोली वाहत होती. काकांनी विचारलं, "काय ठरलं?"

"चाळीस," ती म्हणाली, आणि चारचा खिळा शोधू लागली.